बाळाचे दात आणि डेंटिस्टची पहिली भेट : इंदुरातल्या नव्या आईबाबांसाठी

मूल वर्षाचं व्हायच्या आत त्याला डेंटिस्टकडे न्यायचं, असं आमच्या लोकमान्य नगरात कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. चार तर दात आलेत, डॉक्टर बघणार काय? मग आजीचं ठरलेलं वाक्य येतं, "दुधाचेच आहेत, पडायचेच आहेत." आजीशी वाद घालू नका, तारीख मात्र घेऊन टाका.

दोन मुलांच्या दातांमागे धावून झाल्यावर मला एवढं पक्कं कळलंय की पहिली भेट दुखायच्या आधी व्हायला हवी. ज्या मुलानं डेंटिस्टची खुर्ची पहिल्यांदा बघितली ती गाल सुजलेला असताना आणि सुई टोचून घेताना, ते मूल पुढे कित्येक वर्षं दवाखान्याच्या पायरीवरच पाय आखडतं. काहीच काम नसताना गेलेलं मूल खुर्ची वर-खाली करून घेतं, आरशात दात बघतं आणि घरी येतं. पुढे कधी खरंच काम निघालं तर ही ओळखच कामी येते.

१. आधी दातांचं वेळापत्रक समजून घ्या

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुतेकदा खालचा पुढचा. कुणाचा चौथ्या महिन्यात येतो, कुणाचा दहाव्यात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वर्ष उलटूनही एकही आला नसेल तर दाखवा. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येऊन जातात. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत, यातलं जे आधी येईल तेव्हा पहिली भेट, असं बालदंततज्ज्ञ सांगतात.

दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, मूल किरकिर करतं. पण कडक ताप किंवा जुलाब "दात येताहेत म्हणून" असं समजून अंगावर काढू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. हिरड्यांना बधिर करणारी जेलं बाजारात मिळतात. त्यांतली बेंझोकेनवाली दोन वर्षांखालच्या मुलांना लावायची नसतात. स्वच्छ ओला रुमाल फ्रीजमध्ये थंड करून चघळायला दिला तरी पुष्कळ आराम पडतो. आणि वर्षाच्या आत मध चाटवणं अजिबात नको, ते दातांपेक्षाही मोठ्या कारणासाठी: मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आता "पडायचेच आहेत" याचा हिशोब. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांला पडतात हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर त्याला तिच्यावर अजून सात-आठ वर्षं जेवायचंय. ती लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागाच उरत नाही. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातालाही इजा पोचू शकते. आजीला सांगायचं तर हे सांगा.

२. घरी : ओठ उचलून बघा आणि ब्रश स्वतः करा

महिन्यातून एकदा बाळाला खिडकीजवळ उजेडात मांडीवर आडवं घ्या आणि वरचा ओठ बोटानं हलकेच उचला. वरच्या पुढच्या दातांवर, अगदी हिरडीलगत, खडूसारखी पांढरट रेघ दिसते का? दात पुसून कोरडा केला की ती जास्त स्पष्ट दिसते. हीच किडीची सुरुवात. या पायरीवर खड्डा पडलेला नसतो, दात मजबूत करणारं फ्लोराइड वापरून आणि खाण्याच्या सवयी सुधारून ती थांबवता येते, कधी कधी मागेही फिरते. तिथेच पिवळं-तपकिरी दिसायला लागलं तर वेळ निघत चालली आहे. बहुतेक घरांत ही रेघ दिसत नाही, कारण ओठ उचलून कुणी बघतच नाही.

पहिला दात दिसला की ब्रश सुरू. त्याआधी ओल्या मऊ फडक्यानं हिरड्या पुसल्या तरी चालतं. पेस्टचं माप लक्षात ठेवा: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती मुलांसाठी नाही.

पेस्ट घेताना डब्यावरचं कार्टून नको, ट्यूबची मागची बाजू वाचा. आपल्याकडे मुलांच्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा फार कमी असतं. साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट, दाण्याच्या मापात, हा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला. इथे माळव्यातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. झाबुआ, आलीराजपूर, धार या बाजूच्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात. त्यामुळे घरी नर्मदेचं नळाचं पाणी पितात की बोरिंगचं, आणि मूल वर्षातले बरेच महिने त्या बाजूच्या आजोळी असतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पेस्ट आणि वार्निश, म्हणजे दवाखान्यात दातांवर लावतात तो फ्लोराइडचा थर, यांचा निर्णय त्यावर ठरतो.

दिवसातून दोनदा ब्रश. त्यातला रात्रीचा जास्त महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दात धुतले जात नाहीत. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी करायचा. "माझी स्वतःच्या हातानं करते" हे कौतुकानं सांगू नका. तिला आधी करू द्या, मग तुम्ही पुन्हा करा. तिचे हात अजून तेवढे वळत नाहीत. उभ्यानं समोरून ब्रश करायला गेलात तर मूल मान मागे मागे नेतं. त्यापेक्षा तुम्ही मांडी घालून बसा, मुलाचं डोकं तुमच्या मांडीत आणि पाय लांब, आणि तुम्ही वरून वाकून बघा. मागच्या दाढांपर्यंत उजेड पोचतो आणि डावा हात ओठ बाजूला धरायला मोकळा राहतो. मूल पहिल्या आठवड्यात रडेल. रडलं की तोंड उघडतं, काम उरकून घ्या.

दोन दात एकमेकांना चिकटले की त्यांच्यामध्ये ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉसचा दोरा लागतो. हॅंडलवाले छोटे फ्लॉसपिक केमिस्टकडे मिळतात. लाल दंतमंजन आणि कोळशाची पावडर मुलांना देऊ नका, खरखरीत असते, दातावरचा थर झिजवते. मशेरीचं तर नावही नको, ती तंबाखूच आहे.

३. इंदुरात राहून गोड कसं सांभाळायचं

सकाळी पोह्यांबरोबर जिलबी आणि रात्री सराफ्यात रबडी, या शहरात मुलाला गोड देऊ नका असं कुणाला सांगणार? सांगायची गरजही नाही. दातांच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त मोजलं जातं. गोड तोंडात गेलं की जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं दात त्या आम्लात असतात. रविवारी पोह्यांबरोबर एक जिलबी खाल्ली तर हे एकदाच घडतं. तीच जिलबी वाटीत घेऊन मूल दुपारपर्यंत चिमटे काढत फिरलं तर दातांना उसंतच मिळत नाही.

म्हणून गोड जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळी नको. चिकटणारं सगळ्यात वाईट, आणि त्यात चॉकलेटाआधी दुधात बुडवलेलं बिस्किट येतं, कारण त्याचा लगदा दाढांच्या खाचांत बसून राहतो. शेव-नमकीन खारं म्हणून निर्धोक वाटतं, पण बेसन आणि मैद्याचा पिठूळ भागही दातांत अडकतो. खाल्ल्यावर पाणी पाजा.

सराफ्याचा खरा सापळा वेळेचा. तिथली खाऊगल्ली सोन्याची दुकानं बंद झाल्यावर लागते. निघेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात आणि घरी पोचायच्या आत मूल खांद्यावर झोपलेलं असतं. तसंच गादीवर ठेवलं की रबडी रात्रभर दातांवर. मी सरळ ओला ब्रश फिरवते, अर्ध्या झोपेतच. कुरकुर होते, पण होतं.

दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं हे त्याहून रोजचं आणि त्याहून घातक. त्यात साखर किंवा चव यायला कसली पूड घातली असेल तर वरचे पुढचे दात दीड-दोन वर्षांतच झिजलेल्या तपकिरी कडांसारखे होतात. वर्षाच्या सुमाराला बाटली सोडवायला लागा आणि कपाची सवय लावा. रात्री लागलीच तर फक्त पाणी. औषधांची सिरपंही बहुतेक गोड असतात, दिल्यावर पाणी पाजा. दम्याचा इनहेलर घेतल्यावर चूळ भरायला लावा.

४. डॉक्टर निवडणं

साधा डेंटिस्ट म्हणजे बीडीएस. लहान मुलांच्या दातांत एमडीएस, म्हणजे त्यापुढची डिग्री, केलेले बालदंततज्ज्ञ, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, वेगळे असतात. साध्या तपासणीला तुमचा ओळखीचा बीडीएस चालेल, पण त्याला दोन वर्षांचं मूल बघायची सवय आहे का हे आधी विचारा. मूल फार लहान असेल, फार घाबरत असेल, किंवा त्याच्या काही विशेष गरजा असतील तर थेट पेडोडॉन्टिस्ट गाठा. बोर्डावर नुसतं "बच्चों के दाँतों के विशेषज्ञ" लिहिलेलं पुरेसं नाही, डिग्री कुठल्या विषयातली आहे ते वाचा.

खर्चाचा प्रश्न असेल तर दंत महाविद्यालयं आहेत. एम.वाय. हॉस्पिटलजवळचं शासकीय दंत महाविद्यालय सगळ्यांना माहीत असतं. शिवाय उज्जैन रस्त्यावरचं अरबिंदो आणि गांधी नगरचं मॉडर्न ही खासगी महाविद्यालयं. दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा विभाग वेगळा असतो, पर्चा काढताना तोच सांगा, नाहीतर आधी दुसऱ्या रांगेत तासभर जातो. तिथे बरेचदा शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली बघतात. काम सावकाश होतं, आणि माझ्या मते मुलांच्या बाबतीत ते बरंच आहे. मात्र सकाळी लवकर पोचा आणि दुपारची दुसरी कामं ठेवू नका.

अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात दातांची कीडही धरलेली आहे. घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलांसाठी हे त्यांना जरूर सांगा.

फोनवरच विचारून घ्या: तपासणीची फी किती, आई किंवा बाबा आत बसू शकतात का, आणि पहिल्या भेटीत फक्त ओळख आणि तपासणी करणार का. तिसऱ्या प्रश्नावर जिथे "बघू, काही निघालं तर करून टाकू" असं उत्तर मिळेल, तिथे मी पहिल्यांदा तरी जाणार नाही.

५. बरोबर काय न्यायचं

लसीकरणाचं कार्ड, सध्या चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी, आधीचे काही एक्स-रे असतील तर ते. सरकारी पर्च्यासाठी आधार कार्डही असू द्या. घरचा टूथब्रश आणि पेस्ट न्या, डॉक्टर तुम्हालाच ब्रश करून दाखवायला सांगतील. जास्तीचा शर्ट आणि आवडतं खेळणं.

मुलाला जन्मजात हृदयदोष असेल, रक्त लवकर थांबत नसेल, दमा, फिट्स किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ते पहिल्या मिनिटाला सांगा. काही हृदयदोषांत दातांच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं.

६. मुलाला काय सांगायचं, काय नाही

सगळ्यात मोठा सापळा घरातच असतो. "मस्ती केलीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचेन" हे वाक्य काका, मामा, शेजारी कुणीही सहज बोलून जातं. भेटीच्या आठवडाभर आधी सगळ्यांना ताकीद द्या. "अजिबात दुखणार नाही हं" हेही नको, मूल त्यातलं "दुखणार" तेवढंच उचलतं. सुई, मशीन, काढणं हे शब्द घरात नकोत. "डॉक्टरताई तुझे दात मोजणार आणि ब्रश करणार", बस. चॉकलेटची लाच दिलीत तर अर्धं काम वाया. जायचं आहे ते एक दिवस आधी सांगा, आठवडाभर आधी नको.

घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा. मूल आडवं, तुमच्या हातात चमचा आणि मोबाईलचा उजेड, दात मोजा. मग पाळी उलटी, ते तुमचे मोजेल. आपली मुलं घरात मराठी बोलतात, दवाखान्यात मात्र सगळं हिंदीत चालतं, म्हणून "मुँह खोलो", "आ करो", "कुल्ला करो" हेही खेळात येऊ द्या. शाळेत न जाणारं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाच्या अनोळखी बोलीनं जास्त बिचकतं.

मोठ्या भावंडाचं दात साफ करून घ्यायचं असेल तर धाकट्याला बघायला न्या. आजोबांची दाढ काढायला जाताना मात्र चुकूनही नको.

वेळ सकाळची घ्या. झोपेची वेळ, भुकेची वेळ टाळा. हलकं खाऊन दीड-दोन तास झालेले असावेत, भरल्या पोटी आरसा तोंडात गेला की उलटी होते.

७. आत काय होतं

तीन वर्षांखालच्या मुलाला बहुधा खुर्चीवर बसवतच नाहीत. डॉक्टर आणि तुम्ही समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसता. मूल आधी तुमच्याकडे तोंड करून मांडीवर, पाय तुमच्या कमरेभोवती. मग हळूच मागे आडवं केलं की डोकं डॉक्टरांच्या मांडीत आणि नजर तुमच्याकडे. तुम्ही त्याचे हात धरता. मिनिट-दोन मिनिटांत आरसा फिरवून बघणं होतं. यात बहुतेक मुलं रडतात. माझा धाकटा आरसा दिसताच इतका ओरडला की बाहेर बसलेल्या काकू उठून दाराशी आल्या, आणि डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "बढ़िया, अब पीछे की दाढ़ें भी दिख रही हैं." मुलाला उचललं की दोन मिनिटांत ते हसायलाही लागतं. रडलं म्हणून भेट फसली असं समजू नका, आणि "शी, घाबरट" असं तर मुळीच म्हणू नका.

तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलांशी चांगले डॉक्टर एका ठरलेल्या क्रमानं वागतात: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. फिरणारा ब्रश आधी नखावर फिरवून दाखवतात आणि नंतर दातावर. या वेळी तुम्ही गप्प बसा. डॉक्टर एक सांगताहेत, आई दुसरं, बाबा मोबाईलवर शूटिंग करताहेत, यात मूल नेमकं कुणाचं ऐकणार?

कीड होण्याचा धोका दिसला तर फ्लोराइड वार्निश लावतात. ब्रशनं रंग लावावा तसा पिवळसर थर, मिनिटभराचं काम. दात त्या दिवशी पिवळट दिसतील. किती तास ब्रश आणि कडक-गरम खाणं टाळायचं ते विचारून घ्या.

८. इलाज सांगितला तर

"हो" म्हणायच्या आधी विचारा: नेमका कुठला दात, तो आपणहून कधी पडणार, थांबलो तर काय होईल, आणि एक्स-रेमध्ये काय दिसतंय. वर्षभरात पडणारा पुढचा दात आणि सहा वर्षं टिकायची दाढ, दोघांना एकच इलाज नसतो.

कीड दाताच्या आतल्या नसांपर्यंत गेली असेल तर दुधाच्या दाताचंही रूट कॅनाल करतात आणि दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. चांदीसारखी चमकते, मुलं मिरवतात, नातेवाईक हळहळतात. टोपी दातासकट पडते. दाढ काढावीच लागली तर जागा धरून ठेवणारी तार, म्हणजे स्पेस मेंटेनर, लागेल का हे तेव्हाच विचारा. मूल काम करूच देत नसेल तर किडीवर लावायचं एक औषध आहे, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ड्रिल लागत नाही, कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. लग्नकार्यातले फोटो बघून नंतर हळहळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बधिर करून काम झालं असेल तर पुढचे दोन-तीन तास मुलावर नजर ठेवा. ओठ जड वाटतो म्हणून मुलं तो गमतीनं चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून फाटलेला दिसतो. भूल उतरेपर्यंत चावायचं काही देऊ नका.

सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यात मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं कुणाला कळतच नाही, आणि ती दुधाचीच समजून सोडली जाते. ती पक्की आहे, आयुष्यभराची. तिच्या खोल खाचा भरून घेणारं सीलंट वेळेवर करून घ्या. त्याच वयात खालचे पक्के दात दुधाच्या मागून उगवून दोन रांगा दिसू लागतात. दुधाचा हलत असेल तर मुलाला जिभेनं हलवू द्या, घट्ट असेल तर दाखवा. आठ-दहा वर्षांला वरच्या पुढच्या दातांत फट दिसते, ती पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. लगेच तारा लावायला धावू नका.

९. इथे थांबायचं नाही

गाल सुजून ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चालली, गिळायला-तोंड उघडायला त्रास होतोय, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा. दुखऱ्या दाताजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवणं किंवा लवंगेचं तेल ओतणं नको, हिरडी भाजते. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात.

पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर तो शोधा आणि पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा पाण्यात क्षणभर विसळा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगा. नाहीतर थंड दुधात बुडवून अर्ध्या-एक तासाच्या आत दवाखान्यात पोचा. दुधाचा दात असेल तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला धक्का लागतो. नुसतं दाखवून घ्या.

हे बहुतेक रविवारी संध्याकाळी बागेत घडतं, आणि तेव्हा दवाखाने बंद असतात. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारून ठेवा की सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन केला तर चालेल का, आणि ते नसतील तर कुणाकडे जायचं. तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या, आजीच्याही.